विचारल्याशिवाय

"ताई, खाली उतरतोय बघा. पट्टी रंगवून येतो," केरबामामा दारातूनच म्हणाले. एका हातात पांढऱ्या रंगाचा डबा, दुसऱ्यात ब्रश, काखेत दोरीचं वेटोळं.

"किती वेळ?"

"तासभर धरा. आकडे पार पुसल्यात. उद्या सायब लोक आलं आणि त्यास्नी पाण्याचा आकडाच दिसला न्हाई, तर इथं काय माशा मारता काय म्हणतील."

"जावा. डोक्याला काहीतरी बांधा, ऊन बघा कसलं पडलंय."

"ह्या उन्हाला कोण भितंय," म्हणत ते गेले. मी मान वर करून बघितलंसुद्धा नाही.

चौदा वर्षं झाली या गोष्टीला. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते आणि कायम चिडलेली असायचे. आई म्हणायची, उज्ज्वलाच्या नाकाच्या शेंड्यावर राग बसलेला असतो, हलवला की उडतो. त्या दिवशी तर चिडायला कारणही होतं. वरच्या ऑफिसातून घोरपडेसाहेबांचा फोन आला होता. उद्या धरण तपासायला पथक येणार, त्यांच्या हातात द्यायला खापऱ्यांची ती सगळी वही छापून, शिवून, दोनच्या आत तयार ठेवा.

"सगळी? दीडशे पानं आहेत, सर."

"मग दीडशे छापा, मगदूम मॅडम. तुम्हाला काय हातानं लिहायचीत?"

फोन ठेवून दिला त्यांनी. मी तोंडातल्या तोंडात जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

करंजखोलचं धरण तसं लहान. तीन दरवाजे, वर पूल, पुलाच्या टोकाला आमची कंट्रोल केबिन आणि केबिनला एक व्हरांडा. केबिनच्या खिडकीतून धरणातलं साठलेलं पाणी तेवढं दिसतं. दरवाज्यांच्या खालची दगडी फरशी आणि पुढचं नदीचं पात्र बघायचं असेल तर उठून व्हरांड्यात जावं लागतं. नोव्हेंबरात दरवाजे बंद, फरशी कोरडी. पहिल्या आणि दुसऱ्या दरवाज्याच्या मधल्या भिंतीवर, अगदी तळाला, पाणी मोजायची पट्टी रंगवलेली होती. केरबामामा तिथं उतरले होते.

आता वहीचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

खापरेसाहेब आमचे आधीचे इंजिनिअर. एप्रिलात रिटायर झाले. त्यांनी सहा वर्षं खपून कॉम्प्युटरवर एक फाईल लिहिली होती, तिला आम्ही सगळे वही म्हणायचो. साध्या मजकुराची फाईल. रंग नाहीत, चित्रं नाहीत. पण वाचायला लागलं की साहेब शेजारी बसून सांगताहेत असं वाटायचं. "पाणी अमुक पातळीला आलं की पहिला दरवाजा वीस सेंटिमीटर उचलायचा. का, ते आता सांगतो." मग का ते असायचं, आणि त्याच्याखाली कोडचा एक तुकडा. त्या तुकड्यावर कर्सर नेऊन दोन बटणं दाबली की तुकडा चालायचा, आणि बाहेर खरोखरचा दरवाजा खरोखर वीस सेंटिमीटर वर जायचा. वाचायचं तिथंच करायचं. दुसऱ्या धरणांवरचे लोक ही वही बघायला यायचे.

तुकडे काही एकसारखे नव्हते. प्रत्येकाच्या डोक्यावर साहेबांनी एक शब्द लिहून ठेवला होता. पाणी किती, पाऊस किती, असं नुसतं वाचणारे तुकडे होते, त्यांच्यावर "चालवा". ते न विचारता चालायचे. दरवाजे हलवणाऱ्या तुकड्यांवर "विचारा". ते चालवायला गेलं की स्क्रीनवर प्रश्न यायचा, "हा भाग चालवू का? हो की नाही?" आणि भोंग्याचा एक तुकडा होता, त्याच्यावर "कधीच नाही". तो लिहून साहेबांनी स्वतःच बंद करून ठेवला होता.

मी एकदा विचारलं होतं, "सर, भोंगा इथूनच वाजला तर बरं नाही का? उठायला नको."

"उठायलाच पाहिजे," ते म्हणाले. "भोंग्याचं बटण व्हरांड्यात आहे. तिथं उभं राहिलं की नदी दिसते. कॉम्प्युटरनं 'चालवू का' विचारलं की आपण उठायचं, बाहेर जायचं, भोंगा वाजवायचा, पाच मिनिटं खाली बघत थांबायचं. कुणी असेल तर तो वर येतो. मग आत येऊन 'हो' म्हणायचं. तो प्रश्न कॉम्प्युटर तुला विचारत नाही, उज्ज्वला. मी विचारतोय असं समज."

मी मान डोलावली. मनात म्हटलं, म्हाताऱ्याला काही काम नाही.

साहेब गेले आणि त्या वर्षी पाऊस असा लागला की विचारू नका. ऑगस्टात एका दिवसात एकतीस वेळा दरवाजे हलवावे लागले. दरवेळी "चालवू का? चालवू का?" एखादी सासू मागं लागावी तसं. नदी दुथडी वाहतेय, पात्रात कुत्रं उतरायचं नाही, आणि हे आपलं विचारतंय. शेवटी मी वैतागले. फाईलमध्ये "शोधा आणि बदला" उघडलं. "विचारा" शोधा, "चालवा" करा, सगळीकडे. एक बटण. खाली आकडा आला, एकोणचाळीस ठिकाणी बदल झाला. भोंगा तेवढा तसाच राहिला, कारण त्याच्यावर "विचारा" नव्हतंच.

त्यानंतर कसं सुरळीत चाललं! भोंगा मी हातानं वाजवायचेच, तेवढी अक्कल मला होती. फक्त तो प्रश्न गेला. केरबामामा केबिनमध्ये येऊन बसले की म्हणायचे, "आजकाल तुमचा काम्पुटर गप झालाय, ताई."

"मीच त्याचं तोंड बंद केलंय, मामा."

"बरं केलं," ते हसून म्हणायचे. त्यांना कॉम्प्युटरातलं काही कळायचं नाही, पण त्यांचे कान म्हणजे काय सांगू! पुलावरून चालता चालता थांबायचे आणि म्हणायचे, "तीन नंबरच्या दाराचं रबर गेलंय. डाव्या अंगाला." मेकॅनिक येऊन बघायचा तर डाव्याच बाजूचं रबर फाटलेलं असायचं. मोटरचं बेअरिंग बिघडायच्या आठवडाभर आधी त्यांनी सांगितलेलं मी स्वतः ऐकलंय. शेजारच्या धरणावरनं त्यांना न्यायला जीप यायची. पस्तीस वर्षं त्या माणसानं कानावर नोकरी केली.

तर त्या दिवशी. साडेअकरा झाले असतील. मी वहीची छापायची प्रत काढायला घेतली.

रोजचा अहवाल मी त्याच वहीतून काढायचे, पण त्यातलं पहिलंच प्रकरण, पाणी आणि पाऊस. प्रत काढताना ती फाईल आतले तुकडे ताजे चालवते आणि आलेलं उत्तर त्यांच्या खाली छापते. म्हणून तर अहवालात आजचा आकडा यायचा. हे मला पाठ होतं. रोज करत होते ना! पण सगळी वही मी कधी छापली नव्हती. आदल्या वर्षी साहेबांनी छापली तेव्हा मी शेजारी बसून शेंगा खात होते. ते एकेका प्रश्नाला "नाही" दाबत बसले होते. नाही, नाही, नाही. मी हसले होते, म्हटलं, "सर, कॉम्प्युटरला किती नाराज करता." ते हसले नव्हते.

हे सगळं मला माहीत होतं. वेगवेगळं माहीत होतं. त्या दिवशी डोक्यात घोरपडेसाहेब होते, दोन वाजायचे होते, आणि प्रिंटरमध्ये कागद पुरेल का हे होतं. मी "पूर्ण प्रत" दाबलं आणि कागदाचा गठ्ठा काढायला कपाटाकडे गेले.

गठ्ठा घेऊन परत आले तर स्क्रीनवर मजकूर सरकत होता. पाणीपातळी, उत्तर. पाऊस, शून्य. हवेचं तापमान. मला बरं वाटलं, चाललंय म्हणून. मग एक ओळ आली: दरवाजा एक, उचलणे सुरू. मला वाटलं, जुनं उत्तर असेल, ऑगस्टातलं. मी वाचून पुढं बघायला लागले. खरं सांगते, मी दोन-तीन सेकंद तशी बघत होते.

मग जमिनीतून तो आवाज आला. मोटरचा. तळपायाला आधी कळतो, कानाला मागनं.

हातातले कागद कुठं पडले ठाऊक नाही. पॅनेलवर लाल बटण असतं, सगळं थांबवायचं. मी त्याच्यावर दोन्ही तळहात आपटले. मोटर थांबली. पॅनेलवर आकडा होता, अकरा सेंटिमीटर. अकराच. हाताची वीत नाही भरत. पण भरलेल्या धरणाचं पाणी अकरा सेंटिमीटरच्या फटीतून कसं सुटतं, हे ज्यानं बघितलंय त्यालाच माहीत.

मी व्हरांड्यात धावले आणि भोंग्याचं बटण दाबलं. का दाबलं? सवयीनं. दुसरं काय करावं ते सुचेना म्हणून. भोंगा सगळ्या खोऱ्यात घुमला, आणि खाली फरशीवर पांढरं पाणी उसळत होतं, आणि मामा जिथं असायला हवे होते तिथं कुणी नव्हतं.

"मामा!" मी ओरडले. भोंग्यात माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

परत आत जाऊन मी दरवाजा खाली सोडून बंद केला. पाणी ओसरलं तेव्हा ते दिसले. फरशी संपते तिथं मोठे दगड टाकलेले असतात, त्यांत अडकले होते. उजवा पाय दोन दगडांच्या मध्ये. हातात ब्रश तसाच.

गावातली माणसं भोंगा ऐकून धावली. त्यांनीच त्यांना काढलं. पोलीसपाटील वर आले, धापा टाकत. मला म्हणाले, "मॅडम, भोंगा तर वाजला. सगळ्या गावानं ऐकला. केरबा का हलला नाही?"

ते व्हरांड्यातल्या बटणाकडे बघायला लागले.

"तुम्ही भोंगा वाजवलात ना?"

"वाजवला," मी म्हटलं.

हे खोटं होतं का? नव्हतं. भोंगा वाजवलाच होता. फक्त 'नंतर' एवढा एक शब्द मी गिळला. पाटलांनी मान हलवली आणि खाली जाऊन चारचौघांना सांगितलं, बाईंनी भोंगा वाजवला होता, केरबाला ऐकू गेला नसणार. तासाभरात ते सगळ्या गावाचं झालं. भोंगा ऐकलेला प्रत्येकजण साक्षीदार होता आणि घड्याळ कुणीच बघितलं नव्हतं.

त्याच दुपारी, केबिनमध्ये कुणी नसताना, मी फाईल उघडली. "चालवा" शोधा, "विचारा" करा, सगळीकडे. बदल झाला. मग मी खुर्चीत बसले आणि मला दातखीळ बसल्यासारखं झालं. तोंड उघडेना.

चौथ्या दिवशी मी दवाखान्यात गेले. गुडघ्याखाली पाय काढला होता. हौसामामी, म्हणजे त्यांची बायको, कॉटच्या पायथ्याशी बसली होती. मला बघून ती उठली आणि मला बसायला स्टूल दिलं. ते स्टूल मला अजून आठवतं. तिनं पदरानं पुसून दिलं.

मामांचा चेहरा पार उतरला होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "ताई, एक विचारू?"

"बोला मामा."

"मला मोटर ऐकू आली. घूं करून सुरू झाली ती मी ऐकली बघा. पर म्हटलं, भोंगा न्हाई झाला, म्हंजे दार न्हाई उघडायचं. ताई मोटरचं तेलपाणी बघत असतील. म्हणून मी हललो न्हाई. तसाच रंगवत राहिलो. आता समदी म्हणत्यात भोंगा झाला. मोटरच्या आधी झाला. झाला व्हता का, ताई?"

मामी माझ्याकडे बघत होती. शेजारच्या कॉटवरचा माणूससुद्धा बघत होता. मला वाटलं, आता म्हणायचं. नाही झाला, मामा. एवढंच म्हणायचं. नोकरी दिसली, पोलीस दिसले, घरी लग्नाची धाकटी बहीण दिसली. माणूस किती लवकर किती काय बघू शकतो!

"झाला होता, मामा," मी म्हटलं.

त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "मग माझंच चुकलं."

"असू दे, मामा. आता—"

"न्हाई न्हाई. तुमी म्हणताय म्हंजे झालाच. माझंच कान गेलं." आणि मामीला म्हणाले, "ताईंना च्या सांग खालनं."

तो चहा मी प्याले. आज सांगायला लाज वाटते, पण प्याले.

पंधरा दिवसांनी चौकशी झाली. बाहेरून एक अधिकारी आले होते. मी सांगितलं, पथक यायच्या आधी दरवाजा चालवून बघायचा होता, कॉम्प्युटरनं विचारलं, मी भोंगा वाजवला, पाच मिनिटं थांबले, मग हो म्हटलं. मामांचा जबाब दवाखान्यातूनच घेतलेला होता. त्यात त्यांनी स्वतःच सांगितलं होतं, भोंगा झाला असणार, मला ऐकू आला नाही. खाली अंगठा नव्हता, सही होती; मामांना सही करता येते याचा त्यांना फार अभिमान होता.

वही लिहिणारे म्हणून खापरेसाहेबांना बोलावलं होतं. अधिकाऱ्यांनी त्यांना कॉम्प्युटरपुढं बसवलं.

"खापरे, तुमची ही फाईल दरवाजा हलवण्याआधी विचारते का? सरळ उत्तर द्या."

साहेबांनी चष्मा पुसला. फाईल वरपासून वाचायला लागले. पहिलं पान, दुसरं पान. तिसऱ्या पानावर थांबले. परत पहिल्या पानावर गेले. मग त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं, आणि मला कळलं की काहीतरी झालंय, पण काय ते कळेना.

"विचारते," साहेब म्हणाले. "आत्ता फाईल प्रत्येक तुकड्याआधी विचारते."

"झालं तर मग," अधिकारी म्हणाले आणि कागद गोळा केले. केरबा शिपुगडे यांची श्रवणशक्ती कमी असल्याने इशारा न समजून अपघात, असं लिहिलं गेलं.

साहेब पुलावर उभे राहिले होते. मी जवळ गेले. ते पाण्याकडेच बघत म्हणाले, "धरणात पाणी किती आहे हे बघायला मी कधी परवानगी ठेवली नव्हती, उज्ज्वला."

त्यांनी कठड्यावर हात टेकवले.

"पाऊस किती पडला हे सांगायला कॉम्प्युटरनं कुणाला कशाला विचारायचं? त्या पाच तुकड्यांवर मी 'चालवा' लिहिलं होतं. आज त्यांच्यावरही 'विचारा' आहे. कुणीतरी आधी सगळीकडे 'चालवा' केलं, आणि मग घाबरून सगळीकडे 'विचारा' केलं. माझे पाच कुठले आणि बदललेले एकोणचाळीस कुठले, हे त्याला परत ओळखता आलं नाही."

एकोणचाळीस हा आकडा त्यांनी बरोबर सांगितला. त्यांनीच लिहिले होते ते.

"मग आत का नाही बोललात?" मी म्हटलं. माझा आवाज चिडलेला निघाला. अशा वेळीसुद्धा!

"आत मला संशय होता. खात्री आत्ता झाली, तुझं तोंड बघून." ते वळले. "मी कुणाला पत्र लिहिणार नाही. मला तुझ्याबद्दल काही सांगायचं नाही. एवढं कर, केरबाला घरी आणलंय, त्याला जाऊन भेट. हात हलवत जा, फळंबिळं नेऊ नकोस."

नोकरी गेली, केस उभी राहिली, दोन वर्षं कोर्टात हेलपाटे घातले, बहिणीचं लग्न मोडता मोडता राहिलं, ते सगळं पुढचं. आता मी एका शाळेत गणित शिकवते आणि पोरं मला घाबरतात. मला सांगायचंय ते मामांना भेटायला गेले त्या रविवारचं.

मामांचं घर धरणाच्या खालच्या अंगाला, नदीपासून दोन शेतं सोडून. मी गेले तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. मामा सोप्यात भिंतीला टेकून बसले होते, अर्ध्या पायावर चादर. आत मामी भाकरी करत होती, थापल्याचा आवाज येत होता.

"मामा," मी दारातून हाक मारली.

त्यांनी बघितलं नाही. मी जवळ गेले तेव्हा दचकले. "या या, ताई. ऐकू न्हाई आलं. मोठ्यानं बोलत जावा माझ्याशी आता."

आतून मामी ओरडली. बहिऱ्याशी बोलतात तसं, एकेक अक्षर तोडून. "को-ण आ-लं-य?"

"ताई आल्यात," मामांनी तेवढ्याच मोठ्यानं सांगितलं. मग मला म्हणाले, "तिचा घसा बसतोय माझ्यापायी. दिवसभर वराडाय लागतंय. पोरगा म्हणतो, बाबा, तुमी रस्त्यावर एकटं जायचं न्हाई, मागनं गाडी आलेली कळायची न्हाई. मी म्हटलं, खरंय बाबा."

"मामा, पण आत्ता आतनं मामीनं हाक मारली ती..."

"ती वराडती म्हणून." ते जरा पुढं झुकले. "एक गंमत सांगू? तालुक्याच्या डाक्टरनं यंत्र लावून बघितलं. कानावर टोपी घालत्यात बघा, बारीक बारीक वाजवत्यात. म्हणला, आजोबा, तुमचं कान पंचविशीतल्या पोरासारखं हाईत. काय बी दोष न्हाई."

"मग?"

"मग काय! मी म्हटलं, डाक्टर, तुमी शिकलेली माणसं. पर तुमी त्या दिवशी धरणावर नव्हता. आमच्या ताई व्हत्या."

आत भाकरी थापली जात होती. मी खाली, त्यांच्यासमोर, शेणानं सारवलेल्या जमिनीवर बसले.

"मामा, भोंगा झाला नव्हता."

ते माझ्याकडे बघत राहिले.

"आधी झाला नव्हता. मोटर आधी सुरू झाली. मी विचारायचं बंद करून ठेवलं होतं, माझ्या हातनं दार उघडलं, मला कळलंसुद्धा नाही. भोंगा मी मागनं वाजवला. तुम्ही पाण्यात गेल्यावर. तुम्हाला ऐकू आलं ते बरोबर ऐकू आलं. मी खोटं बोलले."

एकदा तोंड उघडल्यावर सगळं एका दमात बाहेर पडलं. मला वाटलं होतं ते शिव्या देतील, काठी फेकतील. मला ते हवं होतं. मामांनी नुसता हात वर केला, थांबा म्हणून.

"परत सांगा."

"भोंगा झाला नव्हता, मामा."

"असं न्हाई," ते म्हणाले. डोळ्यांतून पाणी चाललं होतं, ते त्यांनी पुसलं नाही. आवाज मात्र अगदी शांत होता. "मोठ्यानं सांगा. तिला आत ऐकू जाऊ द्या."

मी मोठ्यानं सांगितलं. आतली भाकरी थापायची थांबली.